सपरीतली खाट : वृद्धांचे घर मोजायचे कसे?

जनगणनेचा प्रगणक दाराशी येतो, तेव्हा माणसांच्या आधी घराची विचारपूस करतो. भिंत कशाची, छत कशाचे, जमीन कशाची? खोल्या किती? पाणी आवारात आहे की लांबून आणावे लागते? संडास आहे का? स्वयंपाक कशावर होतो? आणि घराची एकंदर अवस्था कशी आहे : चांगली, राहण्याजोगी की मोडकळीला आलेली? २०११च्या जनगणनेत घरयादीच्या टप्प्यावर असे पस्तीस प्रश्न होते. त्यांच्या उत्तरांवरून तालुक्यात पक्की घरे किती, कच्ची किती, याचे तक्ते तयार झाले. पण त्या घरातली पंच्याहत्तर वर्षांची म्हातारी नेमकी कुठे झोपते, हे त्या तक्त्यांत सापडत नाही. घर कुटुंबाचे म्हणून मोजले जाते आणि घरातल्या सगळ्यांना ते सारखेच मिळाले आहे, असे गृहीत धरले जाते.

वाईट घरांचा वृद्धांच्या जगण्यावर काय परिणाम होतो, याचा अभ्यास करायचा तर पहिली अडचण इथेच येते. म्हाताऱ्या माणसाचे घर म्हणजे बहुतेकदा सगळे घर नसते. सपरीतली एक खाट, तिथून पाण्याच्या माठापर्यंतचे अंतर, रात्री संडासापर्यंत जायची वाट आणि डोक्यावरचा छताचा तेवढा तुकडा, एवढेच त्याचे घर असते. या तुकड्याची मोजदाद केल्याशिवाय बाकीचे आकडे वृद्धांविषयी फारसे काही सांगत नाहीत. चंद्रपूर जिल्ह्यातला पोंभुर्णा तालुका डोळ्यांसमोर ठेवून हा मुद्दा उलगडून पाहू.

कवेलू ते टिन

ताडोबाच्या जंगलातून येणारी अंधारी नदी या तालुक्यातून वाहत वैनगंगेला मिळते. वैनगंगा ओलांडली की गडचिरोली जिल्हा लागतो. मुलूख धानाचा, बोड्या-तलावांचा आणि जंगलाचा. इथले जुने घर मातीच्या जाड भिंतींचे, किंवा बांबूच्या ताट्यांवर माती लिंपून केलेल्या कुडाचे. वर बांबू-वासे आणि हाताने घडवलेले कवेलू, समोर सपरी, मागे सांदवाडी. उन्हाळ्यात अशा घराच्या भिंती उशिरा तापतात आणि कवेलूंच्या फटींतून गरम हवा निघून जाते.

पण या घराला दरवर्षी हात लावावा लागतो. मृगाच्या आधी कवेलू फेरावे लागतात, फुटलेले बदलावे लागतात, सडलेला बांबू काढून नवा घालावा लागतो, भिंतीला पोतारा द्यावा लागतो. ही कामे धडधाकट माणसांची. मुलगा मिरची तोडायला तेलंगणात किंवा कामधंद्यासाठी शहरात गेला, की छतावर चढणारे कुणी उरत नाही. माकडांच्या टोळ्या कवेलू फोडतात ते वेगळेच. घराच्या मालकाचे गुडघे आणि घराचे छत साधारण एकाच सुमाराला कुरकुरू लागतात. गळती सुरू झाली, की भिंतीत पाणी मुरते आणि एखाद्या झडीत ती बसते. मग सोपा उपाय म्हणून वर टिन येते. टिन एकदा ठोकले की फेरावे लागत नाही आणि माकडाने फुटत नाही. ज्याला छतावर चढता येत नाही, त्याच्या दृष्टीने हा निर्णय शहाणपणाचाच आहे.

आता हाच निर्णय सर्वेक्षणाच्या तक्त्यात कसा दिसतो ते पाहा. २०११च्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय गणनेत गवत, बांबू, प्लॅस्टिक आणि हाताने घडवलेले कवेलू यांचे छत ‘कच्चे’ धरले होते, तर लोखंडी किंवा ॲस्बेस्टॉसचे पत्रे ‘पक्के’. म्हणजे कवेलू काढून टिन घातले की घर कागदावर एक पायरी वर चढते. प्रत्यक्षात मे महिन्यात, जेव्हा चंद्रपूर जिल्ह्यातला पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो, तेव्हा पातळ पत्रा झपाट्याने तापतो आणि ती धग सरळ खाली फेकतो. तरणी माणसे दिवसा घराबाहेर असतात. पत्र्याखाली दुपारभर पडून राहते ती म्हातारी किंवा म्हातारा. ‘पक्के’ आणि ‘राहायला बरे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तक्ता सांगत नाही.

म्हातारपणी घर मोठे का होते

वय वाढते तसा माणसाचा वावर आक्रसतो. शेत सुटते, बाजार सुटतो, पारावरचे बसणे कमी होते. तरुणाच्या आयुष्यात घर रात्रीपुरते असते, तर वृद्धाच्या आयुष्यात ते चोवीस तासांचे होते. म्हणून तोच धूर, तीच ओल, तीच उष्णता त्याच्या वाट्याला अधिक तास येते.

दुसरे कारण शरीराचे. म्हातारपणी घाम कमी येतो आणि तहान उशिरा जाणवते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी शरीरातले पाणी आणखी कमी होते. तरुणाला त्रासदायक वाटणारी रात्र वृद्धाच्या हृदयावर आणि मूत्रपिंडावर ताण आणते. दिवसाच्या उन्हाइतकीच रात्रीची धग घातक ठरते, कारण शरीराला सावरायला मिळणारी वेळच ती हिरावून घेते. पूर्वी यावर अंगणातली खाट हा उपाय होता. गावाशेजारी बिबट आणि वाघ यांचा वावर असेल, तर म्हाताऱ्या माणसाला अंगणात झोपू द्यायला घरचेच धजावत नाहीत. जमिनीवर झोपावे तर पावसाळ्यात मण्यारचे भय. हा साप रात्री घरात शिरतो आणि त्याचा दंश पुष्कळदा झोपेत कळतही नाही. जंगलाच्या मुलखात घराचा प्रश्न असा जंगलाशी जोडलेला असतो.

तिसरे कारण पडण्याचे. उंच जोते, कठड्याशिवायच्या पायऱ्या, अंधारी न्हाणी, ओलसर शेवाळलेली वाट, उकिडवे बसल्यावर उठताना धरायला काही नसलेला संडास. यांतली एकही गोष्ट भिंतीच्या किंवा छताच्या रकान्यात येत नाही. पण खुब्याचे हाड मोडले की पुढचे सगळे आयुष्य त्या एका घसरण्याने ठरते.

शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यातला एक अभ्यास इथे आठवतो. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेतल्या डॉ. योगेश्वर काळकोंडे आणि सहकाऱ्यांनी ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणे तपासली. मृत्यूनंतर घरच्यांशी सविस्तर बोलून कारण ठरवण्याची पद्धत त्यांनी वापरली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दर सात मृत्यूंमागे सुमारे एक मृत्यू पक्षाघाताचा निघाला. पक्षाघात हा शहरी, सुखवस्तू माणसांचा आजार, हा समज त्याने मोडला. घरांच्या अभ्यासकाने यापुढचा प्रश्न विचारायला हवा : लकव्यातून जे वाचतात, ते कोणत्या घरात परत येतात? ज्याचा एक पाय ओढत चालतो, त्याला फूटभर उंचीचा उंबरठा म्हणजे भिंतच. आजार दवाखान्यात सुरू होत असेल वा संपत असेल, अपंगत्व किती राहायचे हे मात्र बरेचसे घर ठरवते.

इतरत्र हा प्रश्न कसा सोडवला

लंडनच्या बेथनल ग्रीन या कामगार वस्तीत समाजशास्त्रज्ञ पीटर टाउनसेंड यांनी निवृत्तीच्या वयाच्या २०३ माणसांच्या मुलाखती घेतल्या आणि १९५७ साली वृद्धांच्या कौटुंबिक जीवनावरचे पुस्तक लिहिले. म्हातारी माणसे एकटी पडली आहेत, हा तेव्हाचा समज. टाउनसेंड यांना दिसले, की वेगळ्या घरात राहणारे अनेकजण लेकी-सुनांच्या रोजच्या येण्याजाण्यात गुंतलेले होते. ‘एकटे राहतो’ एवढ्या नोंदीवरून काही ठरत नाही. कोण, किती अंतरावर राहते आणि दिवसातून कितीदा डोकावते, हे विचारावे लागते.

१९९५च्या जुलैत शिकागो शहरात उष्णतेची लाट आली. नेहमीपेक्षा ७३९ मृत्यू अधिक झाले आणि त्यांत एकट्या राहणाऱ्या वृद्धांचा भरणा मोठा होता. एरिक क्लिनेनबर्ग यांनी त्यावर २००२ साली पुस्तक लिहिले. शेजारी शेजारी असलेल्या, जवळपास सारख्याच गरीब दोन वस्त्यांत मृत्यूचे प्रमाण फार वेगळे होते. एका वस्तीत रस्त्यावर दुकाने आणि वर्दळ होती, त्यामुळे म्हातारी माणसे घराबाहेर येत. दुसरी ओसाड झालेली होती, तिथे ती दार लावून आत बसली. पोंभुर्ण्याच्या भाषेत सांगायचे, तर एका वस्तीला सपरी होती आणि दुसरीला नव्हती. सपरीवर बसलेला माणूस येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतो. तो एखाद्या दिवशी दिसला नाही, तर कुणीतरी विचारते. घराच्या या भागाला स्वयंपाकघर किंवा खोली म्हणून मोजत नाहीत, पण वृद्धाच्या सुरक्षिततेत त्याचा वाटा मोठा आहे.

भारतात यासंबंधीची सर्वांत मोठी सामग्री मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने गोळा केली आहे. ‘लासी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पाहणीची पहिली फेरी २०१७-१८मध्ये सुरू झाली. पंचेचाळीस वर्षांवरील ७२ हजारांहून अधिक माणसे तीत होती आणि त्यांतली ३१,४६४ साठीच्या पुढची. घराचे बांधकाम, इंधन, पाणी, संडास यांच्या नोंदींबरोबर त्याच माणसाचा रक्तदाब, फुप्फुसांची ताकद, हाताची पकड, चालण्याचा वेग हेही मोजले गेले. घर आणि शरीर एकाच अभ्यासात आल्यामुळे दोहोंचा संबंध तपासता येतो. तरीही घराच्या नोंदी इथेसुद्धा मुख्यतः कुटुंबाच्याच पातळीवरच्या आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली घर आणि आरोग्य यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली. दाटी, घरातली थंडी, घरातली उष्णता, इजा आणि अपंगांना वावरता येईल अशी रचना हे त्यांतले मुख्य विषय. आपल्याकडच्या घरगणनेत यांपैकी दाटीचाच तेवढा अंदाज येतो.

गरिबीचा परिणाम की घराचा?

आता अभ्यासातली सर्वांत अवघड गाठ. वाईट घरात राहणारे वृद्ध अधिक आजारी असतात, हे दाखवणे सोपे आहे. पण ते घरामुळे आजारी आहेत, की गरिबीमुळे घरही वाईट आणि तब्येतही वाईट? किंवा आजारपणात पैसा गेल्यामुळे घर दुरुस्त करायचे राहिले? नुसती कच्च्या-पक्क्या घरांची तुलना याचे उत्तर देत नाही.

मेक्सिकोतल्या एका अभ्यासाने ही गाठ चांगली सोडवली. तिथल्या कोआविला राज्याने गरिबांच्या घरांतल्या मातीच्या जमिनीवर सिमेंट घालून देण्याची योजना राबवली. शेजारच्या दुरांगो राज्यात ती नव्हती. दोन राज्यांच्या सीमेवर एकमेकांना लागून असलेल्या शहरांतली माणसे इतर बाबतींत सारखीच होती, फरक होता तो पायाखालच्या जमिनीचा. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत मुलांचे जंत, जुलाब आणि रक्तक्षय घटल्याचे आणि आयांचे मन अधिक समाधानी असल्याचे दिसले. त्या मोजमापाचा भर मुलांवर आणि त्यांच्या आयांवर होता. आजी-आजोबा त्याच्या बाहेर राहिले.

आपल्याकडे अशा तुलनेची संधी घरकुलाच्या प्राधान्ययादीत आहे. एकाच गावातली, एकाच निकषाने निवडलेली दोन कुटुंबे. एकाला घर आधी मिळाले, दुसऱ्याचा क्रमांक अजून यायचा आहे. दोन्ही घरांतल्या वृद्धांची झोप, पडणे, श्वास, दवाखान्याच्या फेऱ्या यांची नोंद दोनतीन वर्षे ठेवली, तर घरामुळे काय बदलले हे बऱ्यापैकी वेगळे काढता येईल. यादीत पुढे सरकायला वजन वापरले गेले असेल तर तुलना बिघडते, एवढे भान मात्र ठेवावे लागेल.

घरकुल आणि कर्त्या वयाचा माणूस

१९८५-८६ साली सुरू झालेल्या इंदिरा आवास योजनेच्या जागी २०१६पासून प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) आली. आदिवासींसाठी शबरी, अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी रमाई या राज्याच्या योजना तिच्या जोडीला आहेत. केंद्राच्या योजनेत घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २७० चौरस फूट, स्वयंपाकाच्या जागेसह. अनुदान सपाट भागात १ लाख २० हजार, तर डोंगराळ भागांत आणि नक्षलग्रस्त म्हणून नोंदलेल्या जिल्ह्यांत १ लाख ३० हजार. २०२५-२६च्या अर्थसंकल्पात राज्याने त्यात ५० हजारांची भर जाहीर केली.

या योजनेचा प्राधान्यक्रम वृद्धांच्या बाजूचा आहे. ज्या कुटुंबात १६ ते ५९ वयाचे एकही माणूस नाही, त्याला यादीत जादा वजन मिळते. पण घर लाभार्थ्याने स्वतः बांधायचे असते आणि ठेकेदाराला मनाई आहे. पैसे हप्त्याने येतात. एक टप्पा बांधून झाला, त्याचा फोटो चढला, की पुढचा हप्ता. म्हणजे ज्या उणिवेमुळे प्राधान्य मिळाले, तीच उणीव घर बांधताना आडवी येते. वाळू-सिमेंट आणायला, मिस्त्रीच्या मागे लागायला, हप्ता येईपर्यंत उसनवारी करायला घरात कर्त्या वयाचे माणूसच नाही. योजनेच्या चौकटीत यावर उपायही लिहिलेला आहे : वृद्ध, अशक्त किंवा अपंग लाभार्थ्याला स्वतः बांधणे शक्य नसेल, तर त्याचे घर गवंडी प्रशिक्षणाचा भाग म्हणून हाती घ्यावे. कोणत्याही तालुक्यात अशी किती घरे बांधली गेली, हा शोध निबंधाचा उत्तम विषय होऊ शकतो.

दुसरा पेच कुटुंबाच्या व्याख्येचा. जनगणनेत एका चुलीवर जेवणारे ते एक कुटुंब. मुलाने चूल वेगळी केली, तर आईबाप वेगळे कुटुंब होतात. चूल एक राहिली, तर मुलाच्या नावावरच्या घरात ते मोजले जातात. एकाच अंगणात पुढे मुलाचे सिमेंटचे घरकुल आणि मागे आईबापाची जुनी मातीची खोली, असे जिथे असेल तिथे चूल एक असल्यास कागदावर सगळ्यांना पक्के घर मिळालेले असते. म्हातारी मात्र जुन्याच खोलीत. हे नेहमी मुलाच्या निष्ठुरपणामुळे होते, असेही नाही. २७० चौरस फुटांत तीन पिढ्या बसत नाहीत आणि आराखड्यात सपरी नसते. कधी तर म्हातारीच मातीच्या गारव्यासाठी मागे राहणे पसंत करते. खरे कारण कोणते, हे तिला विचारल्याशिवाय कळणार नाही.

तिसरा पेच जागेचा. पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत ‘झुडपी जंगल’ अशी महसुली नोंद असलेल्या जमिनींवर अनेक वस्त्या वसल्या आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी या जमिनी वनजमिनीच असल्याचे मानले. १२ डिसेंबर १९९६पूर्वीची वाटपे नियमित करण्याची वाट मात्र मोकळी ठेवली. अशा जागेवर आयुष्य गेलेल्या माणसाला घरकुलासाठी मालकीचा कागद दाखवता येत नाही. ज्याच्याकडे थांबायला वर्षे थोडीच उरली आहेत, त्याला या वाट पाहण्याची किंमत सर्वांत जास्त मोजावी लागते.

विचारायचे कसे

पाहणीत घरासंबंधीची उत्तरे बहुधा कुटुंबप्रमुख देतो, म्हणजे मुलगा. वृद्धाला त्याच्यासमोर विचारले, की उत्तर ठरलेले असते : सगळे बरे आहे. म्हणून वृद्धाशी वेगळे आणि सावकाश बोलावे लागते. ‘घर कसे आहे?’ असे विचारून काही हाती लागत नाही. ‘आबाजी, काल रात्री कितीदा उठलात? उठून कुठे गेलात? वाटेत उजेड होता का? कशाला धरून चाललात?’ असे एका रात्रीपुरते विचारले, तर उत्तरे नेमकी येतात. शक्य असेल तर ती वाट त्यांच्याबरोबर चालून पाहावी, पायऱ्या आणि उंबरठे टेपने मोजावेत. तापमान नोंदणारे लहान यंत्र घराच्या मधोमध न टांगता खाटेच्या उंचीवर, खाटेजवळच टांगावे आणि ते रात्रीही चालू ठेवावे. पाऊस, थंडी आणि मे अशा तीन ऋतूंत जावे. कार्तिकात पाहिलेले घर आषाढात तेच नसते.

आणखी एक बंधन पाळायलाच हवे. वही घेऊन आलेला माणूस म्हणजे घरकुलाचा सर्व्हे, असेच गावात समजले जाते. श्रावणबाळ योजनेच्या महिन्याच्या दीड हजारावर जगणाऱ्या माणसाच्या मनात आशा जागवून त्याची माहिती घेणे गैर आहे. हा कशाचा अभ्यास आहे आणि यातून घर मिळणार नाही, हे आधी स्पष्ट सांगावे. आणि जाताना उघड्यावर लोंबणारी वायर, निसटलेली पायरी असे लगेच सुधारण्याजोगे काही दिसले, तर ते ग्रामपंचायतीच्या कानावर घालावे.

लोकांना विचारून घर कसे बदलते, याचे उदाहरण गडचिरोलीतच आहे. मोठ्या इमारतीच्या दवाखान्याची आदिवासींना भीती वाटते, हे ऐकल्यावर ‘सर्च’ने शोधग्रामचा माँ दंतेश्वरी दवाखाना गावातल्या झोपड्यांच्या धर्तीवर बांधला, नातेवाइकांना रुग्णाजवळ राहता येईल असा. घरकुलाच्या बाबतीत वृद्धांना असे विचारले, तर मागण्या फार मोठ्या निघणार नाहीत. छताखाली बांबूच्या ताटीचा एक थर किंवा पत्र्यावर चुन्याचा पांढरा हात, पायरीला कठडा, संडासात धरायला नळीचा तुकडा, खाटेजवळ दिव्याचे बटन आणि समोर बसण्यापुरती सपरी. यांचा खर्च घराच्या खर्चाच्या मानाने किरकोळ आहे.

२०२१ची जनगणना लांबत २०२७वर गेली आहे. तिच्या तक्त्यांतही भिंत आणि छताचे आकडे येतील आणि ते उपयोगी असतील. पण जिल्ह्यातल्या महाविद्यालयांचे विद्यार्थी, आशा कार्यकर्त्या, ग्रामपंचायती यांनी आपापल्या गावापुरती वेगळी यादी करायला हरकत नाही. साठीच्या पुढच्या प्रत्येक माणसाबद्दल तीन प्रश्न पुरेत : तुम्ही कुठे झोपता? रात्री उठून कुठे जाता? दिवसा तिथून तुम्हाला कोण दिसते? शंभर घरांच्या गावात हे काम आठवडाभराचे आहे. त्यातून निघणारा नकाशा कच्च्या-पक्क्याच्या तक्त्याशेजारी ठेवला, तर गावातली म्हातारी माणसे खरोखर कोणत्या घरात राहतात ते पहिल्यांदाच दिसेल.